सासूबाई ऐकतायत

प्रिय वायरमन,

मायन्यापाशीच माझं पेन अडलं. आधी 'प्रिय सूनबाई' लिहिलं आणि खोडलं, कारण कागदोपत्री ते नातं आता उरलेलं नाही. नावाने हाक मी तुला कधी मारलीच नाही. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात तू खांद्यावर वायरचं भेंडोळं टाकून, ओठांत स्क्रू धरून माझ्या चांगल्या कपाटावर चढली होतीस. तेव्हा वैतागून जे नाव ठेवलं, तेच शेवटी लिहिलं. ते अजून तुझंच आहे. पत्र बघून तू आधी दचकशील, म्हणून सांगून टाकते की सगळे धडधाकट आहेत आणि मी कुणाची रदबदली करायला लिहीत नाहीये. तुमचं तुम्ही ठरवलंत, त्यात मी नाक खुपसणार नाही. पत्ता खालच्या मजल्यावरच्या दातवाल्या डॉक्टरीणबाईंकडून घेतला. त्यांच्या दवाखान्यातली इंटरनेटची जोडणी अजून तूच सांभाळतेस, हे त्या बोलता बोलता सांगून गेल्या. मला बोलायचंय ते आपल्या घरच्या वाय-फायबद्दल. माझ्या मुलाने मला बजावलंय की पासवर्ड पुन्हा बदल आणि जोडलेल्या फोनांच्या यादीत तिचा फोन असला तर काढून टाक. त्या कामाला बसले होते, पण आधी तुला लिहावंसं वाटलं.

इमारतीत सध्या पासवर्ड बदलण्याची साथ आली आहे. कारण आपला तळमजल्यावरचा शिंपी. त्याचं 'शिवून मिळेल' नावाचं वाय-फाय सताड उघडं असायचं, आठवतंय ना? तू किती वेळा त्याला सांगितलंस की मास्तर, दुकानाचं शटर ओढता तसं यालाही ओढा. त्याचं आपलं ठरलेलं उत्तर, गिऱ्हाईक ताटकळतं बिचारं, तेवढीच त्याची करमणूक, वाय-फाय काय झिजतंय का! तर कुणा महाभागाने त्याच्या पायरीवर बसून कुठल्याशा साहेबाला धमकीचा मेल धाडला. माग काढत पोलीस आले ते थेट शिंप्याच्या मशीनपाशी. ज्या माणसाला स्वतःच्या बायकोला उलट उत्तर देता येत नाही, तो धमकी काय देणार! पण त्याला चौकीवर बसवून घेतलं, हजार प्रश्न विचारले आणि मग सोडलं. परत आला तेव्हा त्याचं तोंड एवढंसं झालं होतं. आता दुकानात नवं माणूस शिरलं की तो आधी त्याच्या हातातल्या फोनकडे बघतो. तू इथे असतीस तर त्याला शेजारी बसवून, चार शिव्या घालून सगळं बंदिस्त करून दिलं असतंस. मी त्याला नुसता चहा दिला, दुसरं काही मला सुचलं नाही.

आपल्या वाय-फायचं नाव इतरांच्या फोनवर दिसतं, हे तू येईपर्यंत मला ठाऊकच नव्हतं. मला वाटायचं, जे घरात लावलं ते घरातच राहतं. तू आलीस आणि डब्यावर छापलेलं ते अगम्य नाव काढून तुझ्या मनाचं नाव ठेवलंस, मला न विचारता. मला ते कळलं लिफ्टमध्ये. डॉक्टरीणबाई हसत म्हणाल्या, काय हो, ऐकताय ना? मी म्हटलं, काय ऐकू? तर त्यांनी त्यांचा फोन पुढे धरला. 'रोज दोनदा घासा', 'बाळ झोपलंय', 'पासवर्ड मागून लाजवू नये' आणि या सगळ्यांच्या वर, सगळ्यात ठळक, 'सासूबाई ऐकतायत'. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. चाळीस वर्षं चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर काढले, गावाला माझा चेहरा ठाऊक, आणि आता गावभर ही शोभा! मी तुझ्याशी अबोला धरला. तू दोन दिवस मुकाट सोसलंस आणि मग माझ्याजवळ येऊन बसलीस. म्हणालीस, आई, एक तर हे नाव वाचून चोरसुद्धा जरा बिचकेल. आणि दुसरं म्हणजे ऑफिसातल्या मुली म्हणतात, ज्या घरात सुनेला असलं नाव ठेवता येतं, तिथे ती नक्की मजेत असणार. मी हसून अबोला सोडला. त्या दिवसापासून ते नाव मी मिरवलं. शेजारच्या दोन बिऱ्हाडांचं गाडी लावण्यावरून वाजलं आणि एकाने 'गाडी नीट लावा' असं नाव ठेवलं, दुसऱ्याने 'आधी स्वतःची बघा', तेव्हा आपण दोघी खिडकीत फोन घेऊन बसायचो, पुढचा डाव कोण टाकतंय ते बघत. असं हसणं तू गेल्यावर या घरात झालं नाही.

तुझा रविवारचा परिपाठ मी अजून सोडलेला नाही. सकाळचा चहा झाला की तू वाय-फायची ती यादी उघडायचीस, कोणकोण जोडलेलं आहे त्याची झडती घ्यायचीस आणि मला शेजारी बसवायचीस. दोन वाटा केल्या होत्यास, एक घरच्यांची, एक पाहुण्यांची. मला समजेना तेव्हा म्हणाली होतीस, पाहुण्याला चहा द्यायचा आई, कपाटाची किल्ली द्यायची नाही. यादीतल्या प्रत्येकाला आपण नाव दिलं होतं. तू वायरमन, मी चष्मेवाली, माझा मुलगा 'स्वारी'. एका रविवारी घरच्यांत 'अनोळखी' म्हणून कुणीतरी सापडलं आणि तुझा चेहरा पोलिसासारखा झाला. टीव्ही बंद करून बघितला, फोन बंद करून बघितले, तरी ते अनोळखी हटेना. शेवटी पलंगाखालून वजनाचा काटा निघाला. स्वारीने गुपचूप आणला होता आणि त्याचं वजन थेट त्याच्या फोनवर जात होतं. माणूस एवढा लाजला की जेवायला बाहेर येईना. मी तेव्हा हसून घेतलं. पण आज वाटतं, आपल्याच घरात त्याला एक वजनाचा काटासुद्धा लपवावासा वाटला. मनातलं काही बाहेर काढायचं नाही, ही त्याची खोड लहानपणापासूनची. आई म्हणून मला त्याची सवय होती. तुझं त्याच्या त्या गप्प बसण्याने काय होत असेल, हे मला उशिरा समजलं.

तुमचं भांडण झालं असतं तर मी मध्ये पडले असते. दोघांना समोरासमोर बसवून बोल लावले असते, निदान आरडाओरडा तरी केला असता. पण तुम्ही भांडलाच नाहीत. दोन शहाणी माणसं हलक्या आवाजात बोलत राहिली आणि एक दिवस मला सांगितलंत की आम्ही वेगळे होतोय, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. वाईट वाटून घेऊ नका म्हणे! वकिलाच्या कागदांवर तुझ्या सह्या होत्या, त्याच्या सह्या होत्या. माझं नातंही त्यात मोडत होतं, पण मला कुणी विचारलं नाही, आणि विचारायची पद्धतही नसते म्हणा. नवराबायको वेगळी झाली की सासूने आपोआप बाजूला व्हायचं, हे ज्याने ठरवलं त्याला चांगली सून मिळाली नसणार. तू गेलीस त्या दिवशी बॅगा खाली गेल्या, किल्ल्या टेबलावर ठेवल्यास, चपला घातल्यास, आणि दारात थांबून म्हणालीस, आई, राउटर महिन्यातून एकदा बंद करून चालू करत जा, नाहीतर अडकतो. मी म्हटलं, बरं. तुझी माझी शेवटची बोलणी ती. पाठीवरून हात फिरवायचा होता गं, पण तू वाकून चपलेचा पट्टा लावत होतीस आणि खालून गाडीवाला हॉर्न वाजवत होता. राउटर मी दर महिन्याला नेमाने बंद करते. त्याचे दिवे विझतात आणि पुन्हा एकेक करून लागतात तोवर मी तिथेच उभी असते.

मुलगा नोकरीसाठी परगावी गेला, त्यानंतर त्याने पहिल्यांदा पासवर्डचं काढलं. बाहेर गेलेल्या माणसाच्या फोनमध्ये घराचा पासवर्ड ठेवू नये, असं तूच शिकवायचीस म्हणाला. मी बसले आणि त्याने फोनवर सांगितलं तसं करत गेले. बदलला म्हणून सांगितलं, त्यानेही शाबासकी दिली. पुढे वरच्या मजल्यावरचं जोडपं बाळाला घेऊन आलं आणि त्यांना पाहुण्यांचं वाय-फाय लागेना, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी बदलला होता तो पाहुण्यांचा पासवर्ड. घरच्यांचा जसाच्या तसा होता आणि त्या यादीत 'वायरमन' अजून नांदत होती. चूक सुधारायला काही फार अक्कल लागत नव्हती. मी यादी उघडली, तुझ्या नावावर बोट ठेवलं, आणि 'हे उपकरण काढून टाकायचं का' अशी विचारणा आली. मी नाही म्हटलं. मुलाला यातलं काही बोलले नाही. एवढ्याने कुणाचं काय बिघडतंय, असं मनाशी म्हटलं, अगदी आपल्या शिंप्यासारखं.

मध्यंतरी माझ्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. मोतीबिंदू, दुसरं काही नाही. आयुष्यभर दुसऱ्यांना दूरचं वाचायला लावलं आणि स्वतःला मात्र समोरच्या माणसाचं नाक दिसेनासं होईतो मी ढिम्म. दुकानातल्या पोरी हसल्या. डोळ्याला पट्टी बांधून घरी आले, त्याच आठवड्यात एका दुपारी फोन वाजला. तू ती सोय करून ठेवली होतीस ना, घरचं माणूस खाली आलं की माझ्या फोनवर निरोप यावा, म्हणजे मी चहा टाकायला मोकळी? मला वाटलं, स्वारी न सांगता आली. फोन चांगल्या डोळ्याजवळ धरला, तर लिहिलेलं होतं, वायरमन घरी आली. मी उठून बसले. दाराकडे बघत राहिले. बेल वाजली नाही. थोड्या वेळाने यादीतलं तुझं नाव फिकट झालं. पहिल्यांदा मी म्हटलं, यंत्राला भ्रम झाला असेल. पण पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच, आणि त्याच्या पुढच्यातही. ऑपरेशनचं तुला डॉक्टरीणबाईंनी सांगितलं असणार.

डोळा पुरता बरा झाल्यावर मी एक उद्योग केला. आपलं वाय-फाय कुठवर पोचतं ते बघायला फोन हातात धरून खाली उतरले. जिन्यात सगळ्या रेघा. शिंप्याच्या पायरीपाशी दोन. फाटकाशी एक, तीही धरसोड करणारी. फाटकाबाहेर पाऊल टाकलं की काही नाही. मी पुढे मागे, पुढे मागे करत होते, तेव्हा राखणदाराने विचारलं, बाई, काही हरवलं का? मी म्हटलं, नाही रे, मोजतेय. दवाखान्याचं दार फाटकाबाहेर, रस्त्याच्या अंगाला. म्हणजे दवाखान्यात तुझं काम असलं, तरी तिथून तुझा फोन आपल्या घराला लागायचा नाही. तू मुद्दाम फाटकातून आत येत होतीस. यादीत तुझ्या नावापुढे दोनच रेघा असायच्या, म्हणजे शिंप्याच्या पायरीपर्यंत यायचीस, उभी राहायचीस आणि जायचीस. हे कळल्यावर मी तिथेच पायरीवर बसले. शिंपी धावत बाहेर आला, पाणी देऊ का विचारू लागला. मला पाणी नको होतं. एवढ्या जवळ येऊनही वर यायचा आपल्याला हक्क नाही, असं तुला वाटत होतं, आणि तसं वाटू देणाऱ्यांत या घराबरोबर मीही आले, याचं मला फार वाईट वाटलं.

तरी मी खाली आले नाही, फोन केला नाही. मला त्यातच गोडी लागली होती, खरं सांगते. सकाळी दुकान, दुपारी घरी यायचं आणि फोन उशाशी ठेवून पडायचं. निरोप आला की तेवढा वेळ वाटायचं, घरात दोन माणसं आहेत. तू खाली आहेस आणि मला ठाऊक आहे, एवढ्यावर माझं भागत होतं. तुझं भागत होतं की नाही, याचा विचार मी केला नाही.

मग गेल्या महिन्यातली ती दुपार. निरोप आला, मी यादी उघडली, तर तुझ्या नावापुढे दोन रेघा होत्या. बघता बघता तीन झाल्या. मग पूर्ण. तू जिना चढून वर आली होतीस. मी अनवाणी दाराशी गेले. दाराच्या भिंगाला डोळा लावला नाही, कारण आत कुणी उभं राहिलं की बाहेरून ते काळं दिसतं, आणि तुझ्या नजरेतून ते सुटलं नसतं. तू पलीकडे, मी अलीकडे, मध्ये एवढी फळी. कडीवर माझा हात होता. आता बेल वाजेल, मग उघडू, म्हणून मी थांबले. आपणहून उघडलं तर तू विचारशील, आई, मी आलेय हे कसं कळलं? आणि मग मला सांगावं लागेल की ही बाई इतके दिवस तुझ्यावर पाळत ठेवून होती. तू ते नाव थट्टेने ठेवलंस, मी ते खरं करून दाखवलं होतं. त्या शरमेने माझा हात हलला नाही. मग रेघा कमी व्हायला लागल्या. तीन, दोन. मी दार उघडलं तेव्हा जिन्यात कुणी नव्हतं. खिडकीशी धावले. नव्या डोळ्याने मला आता लांबचं लख्ख दिसतं. तू रस्ता ओलांडत होतीस. केस कापलेस तू. बारीक झालीस. हाक मारली असती तर ऐकू गेली असती, इतक्याच अंतरावर होतीस, आणि मी ती मारली नाही. त्यानंतर तू आलेली नाहीस. या गोष्टीची चुटपुट मला रोज लागते, चष्म्याच्या काचा पुसताना लागते, गिऱ्हाइकाला समोरची अक्षरं वाचायला सांगताना लागते. ते बिचारं वाचत असतं आणि मी ऐकत नसते.

हे सगळं का लिहिलं, ते आता सांगते. पासवर्ड मी बदलणार आहे. शिंप्याचं झालं म्हणून नव्हे आणि मुलगा म्हणतो म्हणूनही नव्हे. तुझं येणं मला चोरून कळत राहिलं, तेवढ्यावर मी समाधान मानलं आणि त्यापायी दार उघडायचं राहून गेलं. ती पळवाट मला बंद करायची आहे. हे पत्र पेटीत टाकून आले की घरच्यांचा पासवर्ड बदलते. मग तुझा फोन इथे आपोआप जोडला जाणार नाही, आणि तू फाटकाशी आलीस तरी मला कळणार नाही. सून म्हणून ये असं मी म्हणत नाही, ते मागायचा मला अधिकार नाही. माझ्याकडे ये. मुलाला मी सांगितलंय की तुला पत्र लिहितेय. तो म्हणाला, लिही. नवा पासवर्ड इथे लिहीत नाही, कारण तो कागदावर लिहायचा नसतो हे तूच सगळ्या इमारतीच्या गळी उतरवलंस. तो तुला तोंडी सांगेन. दुपारी मी घरीच असते. मात्र वर आलीस की बेल वाजव, बाळा. न वाजवता परत गेलीस तर आता मला कळायचं नाही, आणि मी आत नुसती बसून राहीन.

तुझीच,
आई